स्वतःच्या कारभाराचा झाडा

श्रीएकनाथमहाराजांच्या चरित्रातील एक प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी कीर्तनात ऐकला असेल. नाथ देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत होते आणि हिशेबाचे काम स्वामींनी त्यांजकडे सोपविले होते. एकदा जमाखर्चात एका पैचा मेळ बसेना. रात्र झाली, सर्व निजले, नाथ मात्र दिव्यापाशी बसून राहिले. उत्तररात्री ती चूक सापडली तेव्हा आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजविली. स्वामी जागे झाले. कारण कळल्यावर त्यांनी नाथांस सुचविले की, एवढ्याशा चुकीचा शोध लागल्याने जर इतका आनंद होतो, तर संसाराची मूळ चूक उमगल्यावर तो केवढा होईल! परंपरेने कथा अशी सांगतात. कीर्तनकार तिच्या उत्तरार्धाकडे लवकर वळतात आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र आज पूर्वार्धापाशी थोडे थांबणार आहोत.

त्या रात्री नाथांस कोणी जाब विचारणार नव्हते. एका पैची चूक दुसऱ्या दिवशी किरकोळ खर्चात घालून बुजविता आली असती. ती तशी बुजवावयाची नाही, हे त्यांचे त्यांनीच ठरविले. आमच्या मते, ज्याच्यावर वरिष्ठ नाही अशा प्रत्येक मनुष्याकरिता या कथेचा पूर्वार्ध आहे. आणि आपल्या समाजात असे लोक थोडे नाहीत. किराणा दुकानदार, शिंपी, सोनार, छापखानेवाले, खानावळ चालविणाऱ्या भगिनी, शहापूरचे विणकर, शिकवण्या घेणारे शिक्षक, घरच्या घरी संगणकावर लोकांची कामे करून देणारे तरुण, हे सर्व आपापल्या धंद्याचे धनीही आहेत आणि चाकरही. नोकरी करणाऱ्यास साहेब विचारतो, मोठ्या कंपनीस हिशेब तपासनीस विचारतो. या मंडळींस विचारणारे कोणी नाही. गिऱ्हाईक विचारीत नाही. ते मुकाट्याने शेजारच्या दुकानी जाते.

आपल्या पूर्वजांस ही उणीव कळत नव्हती असे नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनास नवी वही पूजावयाची, तर जुन्या वहीचा मेळ त्यापूर्वी घातलाच पाहिजे. खंडेनवमीस हत्यारे पूजावयाची, तर ती पुसूनपासून, कोणते बोथट झाले व कोणते मोडले हे पाहिलेच पाहिजे. अमावास्येस दुकान झाडून नारळ वाढविण्याची चाल आपल्या भागात अनेक ठिकाणी आहे. झाडताना कोणता माल कोपऱ्यात कुजत पडला आहे हे दिसल्यावाचून राहात नाही. धर्मकृत्य आणि कारभाराची तपासणी अशी एकाच दिवशी बांधून दिलेली होती. आज पूजा राहिली आणि तपासणी सुटली. नवी वही आणतो, तिच्यावर कुंकवाने ‘श्री’ काढतो, आणि पुष्कळदा ती वर्षभर कोरीच राहते.

याला काळही थोडा जबाबदार आहे. पूर्वी रात्री गल्ला मोजावा लागे. मोजताना दिवस डोळ्यांपुढून जाई. आता पैसे यूपीआयने परस्पर बँकेत जमा होतात आणि मोबाइलवर आकडा दिसतो. तो जमेचा आकडा आहे, नफ्याचा नव्हे, हे ठाऊक असूनही मन त्यालाच मिळकत समजू लागते. शिवाय ठराविक मर्यादेच्या आत उलाढाल असणाऱ्या लहान व्यापाऱ्यास उलाढालीच्या शेकडेवारीने नफा गृहीत धरून कर भरण्याची सवलत आयकराच्या कायद्याने दिली आहे. सवलत चांगली आहे, तीमुळे पुष्कळ दगदग वाचते. परंतु सरकारला तपशीलवार हिशेब नको म्हणून आम्हांसही नको, असा अर्थ ज्यांनी काढला त्यांनी स्वतःचा आरसाच फोडला.

आता झाडा घ्यावयाचा म्हणजे काय विचारावयाचे? पहिला प्रश्न नफ्याचा. येथे लहान धंद्यात एक मोठी फसगत दडलेली असते. समजा, एका गृहस्थांचे स्वतःच्या मालकीच्या गाळ्यात दुकान आहे. माल, वीज, हमाली वजा जाता महिन्याकाठी २५,००० रुपये हाती उरतात. ते म्हणतात, नफा पंचवीस हजार. पण तोच गाळा भाड्याने दिला असता तर १०,००० रुपये आले असते. ते स्वतः सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत उभे असतात; तेवढे श्रम दुसऱ्याकडे केले असते तर १८,००० रुपये पगार मिळाला असता. दोन्ही मिळून २८,००० झाले. म्हणजे दुकान महिन्याला तीन हजार रुपये तोट्यात आहे, आणि दुपारी ते जेवावयास जातात तेव्हा त्यांच्या पत्नी दोन तास गल्ल्यावर बसतात ते तर आपण अजून धरलेच नाही. हा हिशेब मांडला म्हणजे दुकान लगेच बंद करावे असे आम्ही म्हणत नाही. स्वातंत्र्याची किंमत म्हणून तीन हजार रुपये देणे एखाद्यास परवडेल आणि आवडेलही. पण आपण ती किंमत देत आहोत हे त्याला कळले पाहिजे, आणि घरातील माणसांस तर त्याच्याआधी कळले पाहिजे.

दुसरा प्रश्न उधारीचा. एकूण उधारी किती हे बहुतेकांस तोंडपाठ असते. ती किती जुनी आहे हे नसते. एक महिन्याच्या आतील, तीन महिन्यांपर्यंतची, सहा महिन्यांपर्यंतची, आणि त्यापुढची, असे चार रकाने पाडून नावे मांडून पाहावीत. पहिल्या रकान्यातील रक्कम हा धंदा आहे. शेवटच्या रकान्यातील रक्कम ही बहुधा भीड आहे. आमचे वह्यापुस्तकांचे लहानसे दुकान होते. त्यात असे चार रकाने आम्ही प्रथम पाडले ते दुकान काढल्यावर अकराव्या वर्षी. शेवटच्या रकान्यात जी नावे उतरली त्यांत गरीब फार थोडे होते. बरीचशी नावे आमच्याच ओळखीच्या, बऱ्या स्थितीतील मंडळींची होती. गरिबाने पाच-पाच रुपयांनी फेडले होते. ज्यांस मागण्याची आम्हांस लाज वाटे त्यांचेच राहिले होते. उधारी बुडते ती गिऱ्हाइकाच्या गरिबीमुळे, असे अकरा वर्षे आम्ही सर्वांस सांगत आलो होतो!

उधारीच्या संबंधात कोणी तुकोबारायांचा दाखला देतील. त्यांच्या घरी दुकानदारी व सावकारी होती आणि त्यांनी कुळांची खते इंद्रायणीत बुडविली, ही कथा सर्वश्रुत आहे. मग आपण मागण्याचा हट्ट का धरावा? परंतु ती कथा नीट ऐकावी. तुकोबांनी प्रथम खतांची वाटणी केली. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांस दिला आणि केवळ आपल्या वाट्याची खते बुडविली. दुसऱ्याच्या पैशाने त्यांनी औदार्य केले नाही. ज्या दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याचे बिल थकविले आहे, त्याने गिऱ्हाइकाची उधारी सोडली तर तो सोडतो कोणाचे? आणि हे मंदिराचे पत्रक असल्याने एक गोष्ट येथेच बोलून टाकणे आमचे कर्तव्य आहे. नोकराचा पगार अडकवून उत्सवाला देणगी देणे हाही त्याच जातीचा व्यवहार होय. देवस्थानास ती देणगी उशिरा मिळाली तरी चालेल.

मालाचा प्रश्न थोडक्यात आटोपण्यासारखा आहे. वर्षभरात ज्यास हात लागला नाही तो माल खरेदीच्या भावाने मोजू नये. आज विकला तर जे येईल तेच त्याचे मोल. हे मान्य करणे जिवावर येते, म्हणून तो माल फळीवर राहतो.

याहून अवघड बाबी कोणत्याही खतावणीत लिहिल्या जात नाहीत. त्यांविषयी स्वतःचाच एक अनुभव सांगतो. आमच्या दुकानात दोन वर्षांत मदतनिसाची तीन मुले काम सोडून गेली. विचारणाऱ्यास आम्ही सांगत असू की हल्लीच्या मुलांस कष्ट नकोत. आम्हांस तसे खरोखरच वाटत होते. दुकानाच्या टिपणवहीत मात्र तारखा होत्या. एके दिवशी दुसरेच काही शोधताना त्या तिन्ही नोंदी एकाखाली एक वाचल्या. एक मुलगा पहिल्या वर्षाच्या जुलैत गेला होता, उरलेले दोघे दुसऱ्या वर्षाच्या जुलैत, आठ दिवसांच्या अंतराने. जून महिना म्हणजे शाळा उघडण्याचे दिवस, वह्यापुस्तकांच्या धंद्याची सुगी. त्या महिन्यात आम्ही मुलांस रात्री दहापर्यंत ठेवून घेत असू, आणि गर्दी ओसरल्यावर जादा पैसे देऊ असे सांगत असू. गर्दी ओसरे. मग घाऊक व्यापाऱ्यांची बिले येत, आणि मुलांचे पैसे पुढच्या महिन्यावर जात. मागण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते. सोडून जाण्याचे होते.

शेवटी गेलेल्या मुलाच्या घरी आम्ही पैसे घेऊन गेलो. त्याने ते मोजून घेतले, चहा दिला, आणि पुन्हा कामावर येण्यास नकार दिला. त्याच्या जागी आम्ही असतो तर निराळे काय केले असते?

या प्रसंगाने एक गोष्ट आम्हांस पक्की समजली. मनुष्याची आठवण नेहमी धन्याच्या बाजूने साक्ष देते. म्हणून निजताना मनातल्या मनात दिवस आठवून पाहणे हे चांगले असले तरी झाड्यास पुरेसे नाही, लिहिले पाहिजे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेस दिला आहे. अक्षर, कागद, शाई, लेखणी यांची इतकी काळजी एका संतास का वाटावी, हा प्रश्न आम्हांस पूर्वी पडत असे. आता पडत नाही.

लिहावयाचे कसे, याचा एक नमुना परदेशातील एका छापखानेवाल्याने घालून दिला आहे. बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) हे पुढे अमेरिकेचे मुत्सद्दी व शास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाले. तरुणपणी ते फिलाडेल्फिया शहरात लहानसा छापखाना चालवीत. त्यांनी अंगी बाणावयाचे १३ गुण निवडले, एक लहान वही आखली, तीत आठवड्याच्या सात वारांचे सात रकाने पाडले, आणि ज्या दिवशी ज्या गुणात चूक होई तेथे ते काळा ठिपका देत. एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचे. १३ आठवड्यांत एक फेरी पुरी होई आणि वर्षात चार फेऱ्या होत. यातील आम्हांस आवडणारी गोष्ट त्यांच्या आत्मचरित्रातील कबुलीत आहे. व्यवस्थितपणा हा गुण त्यांना कधीच नीट साधला नाही. प्रत्येक वस्तू जागच्या जागी व प्रत्येक काम वेळच्या वेळी, हे काही जमले नाही, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. ज्याने ही वही आखली त्याच्याच वहीत एका ओळीवरचे ठिपके हटेनात. तरी त्या खटाटोपाने आपण काहीसे अधिक चांगले झालो, असे त्याचे म्हणणे होते.

आपल्या वाचकांनी १३ गुण निवडावेत असे आम्ही सुचवीत नाही. एकट्या माणसाच्या हातून होईल तेवढेच सांगतो. रात्री दुकान बंद केल्यावर, घरी जाण्यापूर्वी, तीन ओळी: आज काय ठरविले होते आणि काय झाले, आज कोणाशी कसे वागलो, उद्याचे पहिले काम कोणते. घरी गेल्यावर लिहू म्हटले की ते राहते, हे अनुभवाने सांगतो. दर अमावास्येस एक तास काढून त्या ओळी वाचाव्यात, उधारीचे चार रकाने पुन्हा मांडावेत, आणि पुढील महिन्यात बदलावयाची फक्त एक गोष्ट तारखेसह लिहावी. तीन गोष्टी लिहिणारा एकही करीत नाही. वर्षाचा झाडा वसुबारसेपर्यंत संपवावा, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री देवासमोर वही ठेवताना ती आत काय म्हणते हे आपणांस ठाऊक असेल. हा झाडा कोणास तरी वाचून दाखवावा. पत्नीस किंवा पतीस दाखविता आला तर फारच उत्तम. अन्यथा दुसऱ्या धंद्यातील एखाद्या स्नेह्यास. आपल्याच धंद्यातल्या मनुष्यापुढे आपण नकळत आकडे फुगवितो.

येथे एक शंका निघेल. असे सतत स्वतःला खोदून पाहणारा मनुष्य भित्रा होणार नाही काय? होतो, जर त्याने प्रत्येक अपयश स्वतःच्या खाती नावे टाकले तर. चूक आणि परिस्थिती यांचे रकाने निराळे ठेवावे लागतात. याचे उदाहरण आपल्याच गावात घडले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. ज्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे तेथून आपण रोज जातो. पुढे त्यांनी लोखंडी नांगर तयार केले. लोखंडाने जमिनीस विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. दोन वर्षे पडून राहिलेला माल पाहून दुसऱ्या एखाद्याने नांगराचा नाद सोडला असता. परंतु ते न खपणे नांगराच्या दोषाने नव्हते, शेतकऱ्याच्या शंकेमुळे होते. आणि शंकेवर उपाय म्हणजे वेळ व धीर. याच्या उलट, माल सदोष असताना लोकांस पारख नाही असे म्हणत बसणारे धंदेवालेही आपण पाहिले आहेत. दोघांचाही माल फळीवरच असतो. कोणत्या कारणाने, हे बाहेरून दिसत नाही. ज्याने गिऱ्हाइकास विचारले आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवले, त्यालाच तो भेद करता येतो.

शेवटचा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्याचे भय वाटते म्हणूनच पुष्कळ लोक झाडा घेत नाहीत. हिशेब मांडला आणि धंदा बंद करावा असेच उत्तर आले तर?

दोन गृहस्थ आमच्या पाहण्यात आहेत. नावे सांगण्याचे कारण नाही. दोघांचीही कापडाची दुकाने होती, दोघांचेही गिऱ्हाईक मोठ्या दुकानांकडे व घरपोच माल पाठविणाऱ्या कंपन्यांकडे वळत होते. पहिल्यांनी चार दिवाळ्या वही उघडली नाही. दर वर्षी सुधारेल असे म्हणत त्यांनी आधी सोने गहाण टाकले, मग घर. घरच्यांस हे कळले ते बँकेची नोटीस दारावर लागली तेव्हा. दुसरे गृहस्थ दर तिमाहीस मेळ घालीत. सलग सहा तिमाह्या भांडवलातून घरखर्च चालला आहे असे दिसताच त्यांनी एका रविवारी पत्नी व दोन्ही मुलांस दुकानात बसवून वही वाचून दाखविली. थोरल्या मुलीने वहीतील एक बेरीज चुकलेली दाखविली; उत्तर मात्र बदलले नाही. पुढील सहा महिन्यांत नवा माल न भरता त्यांनी जुना विकला. आलेल्या पैशातून आधी दोन नोकरांचा पगार व त्यांचे जे काही देणे होते ते दिले, मग घाऊक व्यापाऱ्यांची बिले, मग मेहुण्याकडून घेतलेले कर्ज. दुकान बंद झाले त्या दिवशी त्यांच्याकडे फार शिल्लक नव्हती, पण गावात तोंड चुकवावे असे कोणी नव्हते. हल्ली ते त्याच घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेबाचे काम पाहतात. ते स्थळ त्यांस मागावे लागले नाही, त्या व्यापाऱ्यानेच बोलावून दिले.